पाठमोरी चाल

गल्लीत तिला सगळे पायवाली म्हणायचे, आणि तिला त्यात वावगं काही वाटायचं नाही. "देवानं पाय एकदा घडवून दिले आणि हात झटकले," ती म्हणायची. "पुढचं निस्तरायला आम्ही आहोतच."

कृत्रिम पाय बनवायच्या कारखान्यात ती कामाला होती. कारखाना म्हणजे तरी काय, वरच्या मजल्यावर ओळीनं तीन खोल्या, चढायला जिन्याऐवजी उतार. पहिली प्लास्टरची, दुसरी यंत्रांची आणि धुळीची, तिसरी चालण्याची. या तिसरीत कमरेइतक्या उंचीच्या दोन लांब दांड्या होत्या, मधून एक माणूस जाईल एवढं अंतर ठेवून बसवलेल्या, आणि समोर भिंतभर आरसा. नवा पाय लावला की माणूस दांड्या धरून आरशाकडे चालत जायचा. ती मागे स्टुलावर बसून त्याच्या पाठीकडे बघत राहायची.

"तोंड काय, खोटंही बोलतं," तिचे उस्ताद म्हणायचे. "दुखतंय का विचारलं तर नाही म्हणतं. पाठीला ते जमत नाही."

उस्तादांनीच तिला हे काम शिकवलं होतं. आता त्यांचे हात थरथरायचे, म्हणून ते चहा करायचे आणि सगळ्यांच्या कामात नाक खुपसायचे.

सवय अशी लागली होती, की जिन्यावरची पावलं ऐकून ती घरबसल्या आईला सांगायची, "वरच्या काकूंचा डावा गुडघा गेला."

"जाऊ दे गेला तर. तू जेव."

"बूट बदला म्हणावं त्यांना."

"मी नाही सांगायची. मागच्या वेळी सांगितलं तर महिनाभर बोलल्या नाहीत माझ्याशी."

दोघीच असायच्या घरात. आई दर आठवड्याला प्रार्थनाघरात जायची आणि ही तिला सोबत म्हणून जायची. प्रार्थनेला सगळे गुडघे टेकायचे. ही मात्र बाकावर ताठ बसून राहायची. दिवसभर परक्या माणसांच्या पायाशी गुडघे टेकून बसणारी बाई, देवापुढे मात्र वाकायची नाही. लोक कुजबुजायचे, आई मान खाली घालायची. पण तिचं आणि देवाचं ठरलेलं होतं. म्हणजे तिनं ठरवलं होतं, देवाला विचारलं नव्हतं. 'त्या माणसाला माझ्यासमोर चालत आण,' एवढंच ती मनात म्हणायची. 'मग टेकते.'

तो माणूस म्हणजे तिच्या वडिलांचा खुनी.

वडील घड्याळजी होते. खाली दुकान, वर बिऱ्हाड. गिऱ्हाइकानं घड्याळ पुढे केलं की ते डोळ्याला भिंग लावायचे आणि आजारी लेकराची चौकशी करावी तसं विचारायचे, "काय होतंय बाळाला?" मोठमोठी माणसंही मग घड्याळाची तक्रार हळू आवाजात सांगायची.

ती शाळकरी पोर होती तेव्हाची दुपार. ती वरच्या खिडकीत पुस्तक उघडून बसली होती, आणि लक्ष अर्थातच रस्त्यावर होतं. खाली काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दुकानात काही ना काही पडतच असे. मग दुकानाच्या दाराची घंटी किणकिणली आणि एक माणूस बाहेर पडला. पळाला नाही. चालत गेला. तिला दिसली ती त्याची पाठ, आणि ती चाल. उजवं पाऊल तो असं बाहेर फेकायचा, जणू दर पावलाला वाटेत आडवं आलेलं मांजर बाजूला सारतोय. आणि ते पाऊल टेकलं रे टेकलं की डावा खांदा खाली जायचा. पोरीला हसू फुटलं. नकलांचा तिला भारी नाद. ती उठली, खिडकीपासून दारापर्यंत तसंच चालून पाहिलं. जमलं! पुन्हा एकदा चालली. आणि मग बाबांना दाखवायला म्हणून खाली गेली.

बाबा टेबलामागे पडले होते. गल्ला रिकामा होता. घड्याळं सगळी चालू होती.

चौकीत तेव्हा एक तरुण फौजदार होता. त्यानं विचारलं, "चेहरा पाहिलास?"

"नाही."

"मग काय पाहिलंस?"

तिनं दोन टेबलांच्या मधल्या जागेत चालून दाखवलं. कोपऱ्यातला एक शिपाई फिस्सकन हसला. फौजदार हसला नाही. "पाठीवरून माणूस पकडता येत नाही, बाळ," तो म्हणाला. "पण तू विसरू नकोस."

ती कसली विसरते! फौजदार अधूनमधून घरी यायचा, आईच्या हातचं पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "दाखव बघू." ती चालून दाखवायची. पुढे उस्तादांनी विचारलं, इतकी कामं सोडून पायाच्या कामात कशी आलीस, तेव्हा त्यांनाही ती चाल करून दाखवली, आणि पुढेही कितीदा. शहरभरच्या लंगड्या-पांगळ्यांच्या, फेंगड्या-वाकड्यांच्या चाली जिथं येतात, तिथं कधी ना कधी तीही येईल, असा तिचा हिशेब होता.

आई म्हणायची, "सोड गं. देवाच्या काठीला आवाज नसतो."

"मग लागली की नाही हे कळायचं कसं?"

"आपल्याला कशाला कळायला हवं?"

"मला कळायला हवं," ती म्हणायची. विषय संपायचा.

*

बरंबरंकाका आले ते चाकाच्या खुर्चीतून. साखरेच्या आजारानं उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला. पुतण्या दारात सोडून गेला. काका इतके गरीब स्वभावाचे, की दुसऱ्याच दिवशी कारखान्यानं त्यांचं बारसं करून टाकलं. काहीही सांगा, उत्तर एकच.

"काका, प्लास्टर गार लागेल."

"बरं, बरं."

"हलायचं नाही."

"बरं, बरं."

"काका, आज वीज गेलीय, उद्या या."

"बरं, बरं." आणि हसतमुखानं परत.

खिशात जपमाळ. बोटं सतत त्या खिशात. मनगटावर जुनंपुराणं घड्याळ, तरी घटकाभरानं विचारायचे, "किती वाजले हो, ताई?"

"घड्याळ आहे की तुमच्या हातात."

"हे मागे पडतं. सवय आहे त्याला."

"दुरुस्त का नाही करून घेत?"

काकांनी बाही ओढून घड्याळ झाकलं. बरं बरंसुद्धा म्हणाले नाहीत.

ती उरलेल्या पायावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळत होती. हे काम करताना माणसं बोलकी होतात. पाय दुसऱ्याच्या हातात असला की मनावरची पकड जरा सैल पडते.

"राहायचे कुठे तुम्ही आधी?" तिनं सहज विचारलं.

"तरुणपणी होतो इथंच. बाजारामागच्या गल्लीत. घड्याळजीचं दुकान होतं बघा…" आणि काकांचा आवाज मध्येच बंद पडला.

तिचे हात थांबले. प्लास्टरला थांबून चालत नाही, म्हणून पुन्हा सुरू झाले.

"होतं म्हणे," ती म्हणाली. "मग सोडलीत कशी गल्ली?"

"सोडली. एका दिवसात सोडली." काकांची बोटं खिशात मण्यांवरून सरकत होती. "तेव्हा मी चांगला माणूस नव्हतो, ताई. पाय गेला ते बरंच झालं म्हणायचं. त्या पायानं फार वाईट वाटा तुडवल्या."

ती साचा वाळायची वाट बघत बसली. वाळल्यावर तिनं तो हलकेच ओढून काढला, दुसऱ्या खोलीत नेला आणि दार लावून घेतलं. पायाखालची जमीन हलली म्हणतात ते तिनं इतके दिवस नुसतं ऐकलेलं होतं.

देवानं तिचं ऐकलं होतं खरं, पण अर्धंच. तो माणूस समोर आणला होता. चालत नव्हता आणला.

*

"आज काय झालंय तुला?" आईनं ताट पुढे सरकवत विचारलं.

"आई, एखाद्यानं पाप केलं आणि मग माळ ओढत बसला, तर देव त्याला सोडतो?"

"सोडत असेल."

"मग ज्यांचं गेलं त्यांनी काय करायचं?"

आई जेवता जेवता थांबली. "कोण आलंय?"

"कुणी नाही. अजून कुणी नाही."

तिच्या मनात सरळ आडाखा होता. संशयाला किंमत नाही. चाल हवी. आणि चाल पायात नसते, कमरेत असते, हे उस्तादांचं वाक्य तिला तोंडपाठ होतं. पाय उत्तम बसला, कुठे टोचला नाही, तर माणसाची मूळची चाल आपण होऊन परत येते. म्हणजे या माणसाला पकडायचं तर त्याला आयुष्यातला सगळ्यात चांगला पाय करून द्यायला हवा. तिनं तसाच केला. साचा स्वतः घासला, आतली गादी स्वतः कापली, उरलेला पाय ज्यात बसतो त्या वाटीच्या, सॉकेटच्या कडा गालाला लावून बघितल्या.

उस्ताद चहा घेऊन आले. "कुणाचा पाय? राजाचा?"

"बरंबरंकाकांचा."

"अगं, त्यांना लाकडाचा खांब लावलास तरी बरं बरंच म्हणतील."

"म्हणूनच नीट करतेय," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी काका दांड्या धरून उभे राहिले आणि रडले. सगळेच रडतात. मग चालले. ती मागे स्टुलावर. एक पाऊल, दुसरं पाऊल. साधी, जरा घाबरट, जरा आखडती चाल. पाऊल सरळ. खांदे समान. त्या चालीत काहीच नव्हतं.

'अजून बसला नाही पाय,' तिनं स्वतःला सांगितलं. 'घाबरलेत. मूळची चाल लपलीय.'

कृत्रिम पायाच्या घोट्यापाशी चार लहान स्क्रू असतात. चावीनं ते किंचित सैल करायचे, पाऊल केसभर फिरवायचं, पुन्हा आवळायचे. रोजचं काम. तिनं चावी घेतली. "काका, जरासं बाहेर वळवते. मोकळं वाटेल."

"बरं, बरं."

दुसऱ्या दिवशी आणखी जरासं. मग घोट्यावरची नळी बदलून थोडी लांब घातली. "आता कसं वाटतं?"

"छान. छान."

"दुखत नाही ना?"

"दुखलं तर दुखू दे, ताई. मला दुखायलाच हवं."

आणि एका सकाळी काका आरशाकडे निघाले आणि ती स्टुलावरून ताडकन उठली. उजवं पाऊल बाहेर गेलं, मांजर बाजूला सारल्यासारखं. डावा खांदा खाली आला. पुन्हा पाऊल. पुन्हा खांदा. तीच पाठ, तोच रस्ता, तीच दुपार.

ती बाहेर आली आणि तिनं फोन लावला. फौजदार आता निवृत्त होते, घरी कुंड्यांना पाणी घालत बसायचे.

"साहेब, तो सापडला."

पलीकडे पाण्याचा नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग, "बोलू नकोस त्याच्याशी. मी येतो. आधी बघू दे मला."

*

फौजदार आले, अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिशचे बूट. तिनं "माझे काका आहेत, काम बघायला आलेत," असं सांगून त्यांना खुर्ची दिली. बरंबरंकाकांनी मोठ्या आदरानं नमस्कार केला. फौजदारांनी केला न केल्यासारखा केला.

"चला काका," ती म्हणाली.

काका चालले. दांड्यांच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. फौजदार खुर्चीतून अर्धवट उठले होते. "हीच," ते तिच्या कानाशी पुटपुटले. "डोळे मिटून सांगतो, हीच. चौकीत फोन करतो. आतले लोक अजून ओळखतात मला."

एवढ्यात उस्ताद चहाचा ट्रे घेऊन दारात आले आणि तिथंच थबकले. ट्रेतले पेले नेहमीसारखे किणकिणत होते.

"हा काय प्रकार?" त्यांनी विचारलं.

"काय झालं?"

"ही चाल कुणाची?"

फौजदारांनी मान वर केली. "तुम्हीही ओळखलीत?"

"न ओळखायला काय झालं? शंभरदा पाहिलीय." उस्तादांनी ट्रे खाली ठेवला. "हिच्या पायात पाहिलीय. आमच्या याच खोलीत, इथून तिथवर. अगदी हिच्यासारखं चालतायत काका. पोरी, पाऊल किती बाहेर काढलंयस ते! आणि नळी लांब आहे. डोळे कुठे होते तुझे?"

"त्यांची मूळची चाल…" ती म्हणाली.

"काका," उस्तादांनी विचारलं, "खरं सांगा. बरा आहे का पाय?"

काका ओशाळले. एकदा तिच्याकडे, एकदा पायाकडे बघितलं. "बराच आहे हो. ताईंनी जीव ओतलाय. फक्त…"

"फक्त काय?"

"मी दाराकडे निघतो, आणि हा मला भिंतीकडे नेतो."

कुणीच हसलं नाही. ती काकांच्या पावलांकडे बघत राहिली. डावा बूट सरळ पुढे बघत होता. उजवा दुसऱ्याच कुणाच्या वाटेनं निघाल्यासारखा. त्या घोट्यातले चारही स्क्रू तिनं आवळले होते. रोज थोडे. एकदाही आवाज झाला नव्हता.

"फोन करू ना?" फौजदार हलकेच म्हणाले.

सगळं हातात होतं. नुसतं हो म्हणायचं. साक्षीला फौजदार, कबुलीला काका स्वतः. वाईट वाटा तुडवल्या म्हणून सांगणारा माणूस पोलिसांपुढेही बरं बरंच म्हणाला असता.

"थांबा, साहेब," ती म्हणाली.

तिनं चावी घेतली आणि काकांच्या पायाशी गुडघे टेकले. स्क्रू सैल केले. पाऊल फिरवलं, आणखी फिरवलं, पहिल्या दिवशीच्या खुणेवर आणलं. नळी उतरवली, कापून आखूड केली, परत बसवली. उस्ताद शेजारी उकिडवे बसून बघत होते, आणि पहिल्यांदाच त्यांनी नाक खुपसलं नाही.

"चला," ती म्हणाली. "दांड्या धरू नका."

काका चालले. साधी, आखडती, सरळ चाल. थेट दारापर्यंत गेले, चौकटीला हात लावला आणि लहान पोरासारखे मागे वळून हसले.

फौजदारांचा चेहरा उतरला. पण इतक्या वर्षांचा हट्ट असा सुटत नाही. त्यांनी काकांना खुर्चीत बसवलं आणि सरळ विचारलं, "घड्याळजीच्या गल्लीतून का पळालात?"

काकांनी जपमाळ बाहेर काढली, मुठीत धरली. "चोरी केली होती," ते म्हणाले. "दुकानातून हे घड्याळ उचललं होतं मी." त्यांनी मनगट पुढे केलं. "दोन दिवसांनी घड्याळजींनी मला रस्त्यात गाठलं. वाटलं, आता चौकीत नेणार. तर माझा हात धरून घड्याळाला कान लावला आणि म्हणाले, काय होतंय बाळाला? मागे पडतंय वाटतं. आण उद्या, नीट करून देतो. मग ठेव तुझ्याकडेच."

तिनं स्टुलाची कड घट्ट धरली.

"दुसऱ्या दिवशी निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशीच कळलं, त्यांना कुणीतरी मारलं. माझ्या हातात त्यांचं घड्याळ. कोण विश्वास ठेवणार? तसाच मागे फिरलो. मातीलाही आलो नाही." काकांनी घड्याळाच्या काचेवरून अंगठा फिरवला. "तेव्हापासून हे असंच मागे पडतं. मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

"हे सगळं खरं कशावरून?" फौजदार म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

"खरं आहे," ती म्हणाली. "ते असंच विचारायचे."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यात ते काहीतरी शोधत राहिले, आणि सापडलं तसा त्यांनी डोळ्यांना हात लावला.

तिनं हात पुढे केला. "द्या ते इकडे. मला दुरुस्त करता येत नाही. पण आईकडे त्यांचं भिंग आहे, आणि बाजारात एक चांगला माणूस बसतो."

"बरं…" काका म्हणाले. दुसरं बरं म्हणायचं राहूनच गेलं, ते घड्याळाचा पट्टा सोडत होते.

*

काका गेल्यावर फौजदार खिडकीशी उभे राहिले. "मग तो कुठे असेल गं?"

"असेल कुठेतरी. चालत असेल."

"पुन्हा दिसला तर बोलाव. मी आहे अजून."

"नाही साहेब." ती चावी पुसत होती. "तुम्हाला, उस्तादांना, आईला, इतक्यांदा करून दाखवली ती चाल, की आता ती त्याची राहिलेली नाही. माझी झालीय. उद्या मी कुणाच्याही पायात घालीन ती. माझ्या डोळ्यांच्या भरवशावर कुणाला पकडू नका."

ही गोष्ट सोपी नव्हती. वडिलांच्या नावानं तिच्याजवळ तेवढा एकच पुरावा होता, आणि तो तिनं स्वतःच्या हातानं टाकून दिला. उस्तादांनी गार झालेला चहा परत गरम करायला नेला.

ती खिडकीशी आली. खाली रस्त्यानं बरंबरंकाका चालले होते. पुतण्या खुर्ची घेऊन मागून येत होता आणि काका त्याला हातानं लांब राहायला सांगत होते. आयुष्यात दुसऱ्यांदा ती असं वरून एका माणसाची पाठ बघत होती. उजवं पाऊल उचललं गेलं, पुढे गेलं, टेकलं. काका वळणापाशी जाईपर्यंत ती तेवढंच बघत राहिली.

"काय गं, बरोबर आहे ना?" उस्तादांनी आतून विचारलं.

"टाच जरा लवकर टेकतेय," ती म्हणाली. "उद्या बोलावते त्यांना."